ऐकायला सोबत लागते

वाचकाचे पत्र: माझी मुलगी पाचवीत आणि मुलगा पहिलीत आहे. दोघेही इंग्रजी माध्यमात शिकतात. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण मराठी पुस्तक हातात दिले की मुलगी दोन ओळींत कंटाळते. म्हणून गेल्या महिन्यात मी एका ॲपची वर्गणी भरली आणि रात्री झोपण्यापूर्वी ‘श्यामची आई’चे ऑडिओबुक लावू लागले. मुलगा दर दोन मिनिटांनी प्रश्न विचारतो. मुलीची सतत काहीतरी चाळवाचाळव चाललेली असते, त्यामुळे ती ऐकते की नाही हेच कळत नाही. यजमानांचे म्हणणे, ऐकणे म्हणजे वाचन नव्हे, हा आळशीपणा झाला. आणि ऐकवायचेच तर आपण मूळचे आजऱ्याचे, तेव्हा आजऱ्याच्याच शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ऐकवा. सासूबाई म्हणतात, यंत्रानेच गोष्ट सांगायची तर घरात माणसे कशाला? परवा मी स्वतः पुस्तक वाचायला घेतले, तर मुलगा म्हणाला, “आई, तू नको, ते काका छान वाचतात.” मी हसले, पण मनाला लागले. माझे काही चुकते आहे का?
— एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही एवढे सविस्तर लिहिलेत, पण एक गोष्ट पत्रात नाही आणि माझे बहुतेक उत्तर तिच्यावरच अवलंबून आहे. ‘श्यामची आई’ चालू असते तेव्हा तुम्ही कुठे असता? मुलांच्या शेजारी गादीवर बसलेल्या असता, की “ऐका हं” असे सांगून स्वयंपाकघरात ओटा आवरायला गेलेल्या असता? दुसरे उत्तर खरे असले तरी मी दोष देणार नाही, कारण दिवसभर राबलेल्या बाईला रात्री मिळणारी ती वीस मिनिटे किती मोलाची असतात याची मला कल्पना आहे. तरीही मुलांना श्राव्य पुस्तकाची गोडी लागणे न लागणे हे पुस्तकाच्या निवडीपेक्षा आणि निवेदकाच्या आवाजापेक्षा या एका गोष्टीवर अधिक ठरते, असे माझे मत आहे.

हे मत मला माझ्या चुकीतून मिळालेले आहे. मी शाळेत मराठी शिकवत होते तेव्हा एका पावसाळी दुपारी सहावीच्या वर्गात टेपरेकॉर्डर ठेवला, एका कथेचे ध्वनिमुद्रित अभिवाचन लावले आणि मुले ऐकताहेत तोवर आपण वह्या तपासाव्यात म्हणून कोपऱ्यात जाऊन बसले. पाच-सात मिनिटांत वर्ग कुजबुजू लागला, दहा मिनिटांत शेवटच्या बाकावर फुल्ली-गोळ्याचा डाव रंगला. मला मुलांचा राग आला. पण त्यांना ऐकायला सांगून मी स्वतः ऐकत नव्हते, हे त्यांनी माझ्याआधी ओळखले होते. पुढच्या आठवड्यात तीच कथा मी पुन्हा लावली, वह्या बाजूला ठेवल्या आणि त्यांच्यातच बाकावर बसले. हसू आले तिथे हसले, एके ठिकाणी न राहवून “अरे देवा” म्हणाले. त्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कोणी उठले नाही.

आपल्याकडे ऐकणे हे कधीच एकट्याचे काम नव्हते. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभच श्रोत्यांकडे अवधान मागून होतो. एकदा अवधान द्या, मग सर्व सुखाला पात्र व्हाल, असे ज्ञानदेव प्रतिज्ञेवर सांगतात. चातुर्मासात घरोघर श्रीधरांचे ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ वाचले जात, तेव्हा वाचणारा एक असे आणि भोवती वाती वळणाऱ्या, भाजी निवडणाऱ्या, मांडीवर मूल थोपटणाऱ्या दहा जणी असत. श्रावणातल्या कहाणीचा तर पहिला शब्दच ‘ऐका’ असा आहे: ऐका शुक्रवारा तुमची कहाणी, आटपाट नगर होतं. तेव्हा मुलांना पुस्तक ऐकवताना तुम्ही परक्या देशातली काही नवी रीत घरात आणता आहात, असे मनातून काढून टाका. नवे काय आहे तर वाचणारा माणूस खोलीत नसतो, एवढेच. त्यामुळे ऐकणारे माणूस खोलीत असणे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे.

आणि तुम्ही निवडलेले पुस्तक तर ऐकण्याच्या घाटातच लिहिलेले आहे. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यातला बहुतेक भाग लिहिला, आणि प्रकरणांना त्यांनी ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावे दिली. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर मित्र गोळा होतात, श्याम आईची एक आठवण सांगतो, ऐकणारे मधूनमधून बोलतात आणि गोष्ट संपली की सारे पांगतात. प्रचलित आवृत्तीत अशा ४२ रात्री आहेत. म्हणजे किती ऐकायचे, कुठे थांबायचे, हा प्रश्न लेखकानेच सोडवून ठेवला आहे: एका रात्री एक रात्र. मुले “अजून एक” म्हणून मागे लागली तरी सहसा देऊ नका. उद्याची वाट पाहणे हा या पुस्तकाच्या रचनेचाच भाग आहे. मात्र कालचीच रात्र पुन्हा हवी असे धाकट्याने म्हटले तर खुशाल ऐकवा. त्या वयात तीच गोष्ट पाचव्यांदा ऐकताना मूल पहिल्यांदा निसटलेले शब्द पकडत असते.

आता तुमच्या यजमानांच्या आक्षेपाकडे वळते, कारण तो अर्धा बरोबर आहे आणि अर्धा बरोबर असलेला आक्षेप झटकून टाकता येत नाही. फिलिप गफ आणि विल्यम टन्मर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाची एक साधी मांडणी केली. लिहिलेले वाचून समजणे म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा ऐकून समजण्याची क्षमता. इथे बेरीज न करता त्यांनी गुणाकार धरला आहे, म्हणजे दोहोंपैकी एक शून्य असली तर दुसरी कितीही मोठी असून उत्तर शून्यच येणार. तुमच्या मुलीचे गणित यातून स्वच्छ दिसते. मराठी तिला कळते, घरात ती तीच बोलते. अडते ते देवनागरी उलगडण्यापाशी. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला मराठी जोडाक्षरांशी झगडावे लागते, ‘दृष्टी’ आणि ‘श्रद्धा’ अशा शब्दांपाशी त्याची गाडी अडते, आणि त्या झगड्यात वाक्याचा अर्थ हातातून सुटतो. मग त्याला वाटते की पुस्तकच कंटाळवाणे आहे. ऐकताना हा अडथळा बाजूला होतो आणि तिच्या वाचनाच्या कितीतरी पुढची भाषा, लांब वाक्ये आणि घरात कोणी न वापरणारे शब्द तिच्या कानांवरून जातात. हा आळशीपणा नव्हे, गुणाकारातली दुसरी संख्या वाढवण्याचे ते काम आहे.

पण पहिली संख्या नुसत्या ऐकण्याने वाढत नाही, आणि इथे तुमचे यजमान बरोबर आहेत. अक्षर डोळ्यांनीच ओळखावे लागते. म्हणून आठवड्यातून दोन-तीन वेळा ऐकताना छापील पुस्तक मुलीच्या मांडीवर असू द्या आणि आवाजाबरोबर तिला ओळीवरून बोट फिरवू द्या. सुरुवातीला ती मागे पडेल, ओळ हरवेल. तेव्हा ध्वनिमुद्रण थांबवा आणि पुन्हा जुळवून घ्या. पुस्तक विकतच घ्यायला हवे असे नाही. आपल्या गावात १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आहे. शनिवारी मुलीला तिथे घेऊन जा आणि पुस्तक तिलाच शोधायला लावा. जे कानाने ऐकले तेच कपाटात सापडले की मुलांना होणारा आनंद वेगळा असतो. याखेरीज रोज दहा मिनिटे तिने स्वतः मोठ्याने वाचावे. मात्र ते ऐकलेल्या प्रकरणातले असावे. ओळखीची गोष्ट वाचताना जोडाक्षर अडले तरी अर्थाचा हात धरून पुढे जाता येते.

मुलीच्या चाळवाचाळवीची चिंता सोडून द्या. पोथी ऐकताना बायका वाती वळत असत, त्याचे कारण नुसता वेळ वाचवणे हे नव्हते. हात गुंतलेले असले की कान मोकळे राहतात. तिच्या हाताला काम द्या. वाटाणे सोलणे, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणे, चित्रात रंग भरणे, यांतले काहीही चालेल. दिवाळीत अंगणात किल्ला करताना एखादी ऐतिहासिक गोष्ट लावून पाहा. चिखलाने माखलेले हात आणि कानावर पडणारी गडाची वर्णने यांचे चांगले जमते. चालत नाही ते एकच, दुसरा पडदा. टीव्हीचा आवाज बंद करून चित्र चालू ठेवले तरी भाषा हरते. आणि ती ऐकते आहे की नाही हे तपासण्यासाठी शेवटी प्रश्न विचारू नका. आम्ही शिक्षकांनी ‘या कथेचे तात्पर्य काय’ असे विचारून किती पिढ्यांच्या गोष्टी कडू केल्या, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही म्हणून बरे आहे. त्याऐवजी तुम्हीच काहीतरी बोला: “मला आज श्यामचा राग आला बाई.” मुलगी ऐकत असेल तर गप्प बसणार नाही.

धाकट्याचे प्रश्न हा मला तुमच्या पत्रातला सर्वांत आनंदाचा भाग वाटला. आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम आईला लुगडे धोंडीवर पसरायला लावतो, ती गोष्ट ऐकताना फ्लॅटमध्ये वाढलेल्या सहा वर्षांच्या मुलाने “धोंड म्हणजे काय?” असे विचारलेच पाहिजे, न विचारता पुढे गेला तर त्याला ती गोष्ट दिसलीच नाही असे समजावे. फोन त्याच्या हातात देऊ नका, पण ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार त्याला द्या. रोज तीन वेळा त्याने ‘थांब’ म्हणावे आणि तुम्ही थांबवावे, असा नियम केलात की तो आपले तीन थांबे जपून वापरू लागेल आणि किरकोळ प्रश्न स्वतःच गिळेल. सगळ्या शब्दांचे अर्थ सांगत बसू नका. अर्ध्या शब्दांचा अर्थ पुढच्या वाक्यात आपोआप लागतो. धोंड, माजघर, पडवी असे शब्द मात्र सासूबाईंकडे पाठवा. त्यांच्या आठवणीतले घर या मुलांनी कधी पाहिलेले नाही, आणि यंत्र नको म्हणणाऱ्या आजीला यंत्रातल्या शब्दाचा अर्थ विचारायला नातू गेला तर काय होते ते मला अवश्य कळवा.

‘मृत्युंजय’बद्दल यजमानांची समजूत तुम्हाला काढावी लागेल. शिवाजी सावंत आजऱ्याचे, हा अभिमान रास्तच आहे आणि १९६७ मध्ये आलेल्या या कादंबरीची भाषा कानाला भरदार लागते हेही खरे. पण ती कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा जणांच्या मनोगतांतून उलगडते. कागदावर वर नाव छापलेले असते. ऐकताना मधूनच आलेल्या मुलाला आता बोलणारा ‘मी’ कोण हेच कळत नाही. शिवाय तिच्यातले दुःख हे मोठ्या माणसांचे दुःख आहे. मुलगी आठवी-नववीत गेली की आजऱ्याच्या प्रवासात बापलेकींनी ती मिळून ऐकावी. कोल्हापूर ते आजरा हा साधारण दोन तासांचा रस्ता त्यासाठी उत्तम आहे. तोपर्यंत गाडीत चिं. वि. जोशी लावा. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांच्या फजितीला पुढच्या सीटवरचे आणि मागच्या सीटवरचे एकाच वेळी हसतात, आणि घरात एकत्र हसण्याची सवय लागली की एकत्र हळवे होणे पुढे सोपे जाते. मुलीसाठी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधली निवडक प्रकरणेही मनात ठेवा. शेजारी बसून कोणी मावशी सांगते आहे असे ते गद्य आहे, त्यामुळे मोठ्याने वाचले की ते मूळ रूपात आल्यासारखे वाटते. शंकर पाटील आपल्या जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीचे. त्यांच्या कथांत मुलांना आपल्याच भागाची बोली भेटेल. मात्र त्या कथा मोठ्यांसाठी लिहिलेल्या आहेत, म्हणून प्रत्येक कथा आधी तुम्ही एकट्याने ऐका आणि मगच ठरवा.

आधी स्वतः ऐकणे हे ‘श्यामची आई’लाही लागू आहे. पोहायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई मार देते, ती गोष्ट आजच्या मुलांना धक्का देऊ शकते. जातीपातीचे आणि सोवळ्याओवळ्याचे उल्लेखही येतात. ते गाळू नका, पण तिथे थांबून आज आपण असे का वागत नाही हे दोन वाक्यांत सांगा. याहून मोठे प्रवचन नको. पुस्तकाचा शेवट आईच्या आजारपणाकडे आणि मृत्यूकडे जातो. शेवटची प्रकरणे सहा वर्षांच्या मुलाला झोपण्यापूर्वी अंधारात ऐकवू नका. रविवारी दुपारी, उजेडात, तुमच्या कुशीत बसून त्याने ती ऐकावीत, आणि नको म्हणाला तर ठेवून द्यावीत. वर्ष-दोन वर्षांनी ती तिथेच असतील.

निवेदकाविषयी थोडे सांगते. एकाच माणसाने केलेले, पार्श्वसंगीत नसलेले वाचन मी पहिल्यांदा निवडते. नाट्यरूपांतरात घोड्याच्या टापा आणि पावसाचा आवाज आयता मिळतो, त्यामुळे मुलांना मजा येते, पण मनातल्या मनात पाऊस पाडण्याचे काम उरत नाही. ऑडिओबुक संक्षिप्त आहे का हे पाहायला छापील पुस्तकाच्या अनुक्रमणिकेशी प्रकरणे पडताळून पाहा. वेग वाढवू नका. दीडपट वेगाने साने गुरुजी ऐकणे म्हणजे पुरणपोळी उभ्या उभ्या खाणे. फोन पालथा ठेवा, आवाज स्पीकरवर असू द्या. कानात घालायचे यंत्र मुलांना नकोच, कारण त्याने प्रत्येक जण वेगळ्या खोलीत जातो. आवाजाचाही प्रश्न आहेच, कारण जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तास ऐकण्यासाठी मोठ्यांना ८० डेसिबलची मर्यादा सांगते आणि मुलांना ७५ ची. फुकट मिळणाऱ्या ध्वनिमुद्रणांबाबत एवढे लक्षात ठेवा की आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचे लेखन आज कोणीही वाचून प्रसिद्ध करू शकतो, वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांची कुठेही चढवलेली अनधिकृत वाचने मात्र ऐकू नयेत, मुलांसमोर तर नाहीच.

आता त्या ‘काकां’विषयी. ते चांगले वाचतात, कारण तो त्यांचा व्यवसाय आहे आणि चुकलेले वाक्य त्यांना पुन्हा वाचता येते. त्यांच्याशी स्पर्धा करू नका. पण मुलगा प्रश्न विचारतो तेव्हा काका बोलत नाहीत, थांबवणाऱ्या आणि ऐकून घेणाऱ्या तुम्ही असता, हे त्यालाही ठाऊक आहे. ते शब्दांत मांडायचे त्याचे वय नाही. एक करून पाहा. पाच रात्री काकांनी वाचाव्यात आणि सहावी तुम्ही, दिवा लावून, अडखळत का होईना. सातवी मुलीने वाचावी. अडखळणारी आई पाहिली की अडखळणाऱ्या मुलीला धीर येतो, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

सासूबाईंना उत्तर देऊ नका, त्यांना कामाला लावा. श्रावण तोंडावर आला आहे. शुक्रवारची कहाणी त्यांना बहुधा तोंडपाठ असेल. पूजा झाल्यावर नातवंडांना समोर बसवून त्यांनी ती सांगावी आणि तुम्ही, त्यांना विचारून, फोनवर मुद्रित करून ठेवावी. फोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर एखाद्या घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा म्हणजे पाटाचा खडखडाट येणार नाही, पंखा तेवढा वेळ बंद ठेवा आणि बाहेर पाऊस जोरात असेल तर खिडकी लावून घ्या. त्या मध्येच थांबल्या, एखादे नाव विसरल्या, नातवाला “नीट बस” म्हणाल्या, तर ते काही कापू नका. पुढच्या शुक्रवारी मुलांनी कोणती कहाणी मागितली, काकांची की आजीची, ते कळवा.